मंत्र्याचा थोरला भाऊ

सेनेसी जाबाती मंत्री झाल्याचं रेडिओनं सांगितलं, आणि त्याच दुपारी त्याच्या थोरल्या भावाच्या, वांडीच्या पोटात दुखायला लागलं. खरोखरीचं दुखणं हो, उगाच बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. बागेत कोकोच्या शेंगा तोडत होता, तो कोयता तिथंच टाकून घरी आला, ओसरीवरच्या झोळीत पडला आणि भिंतीकडं तोंड करून कण्हायला लागला. एवढ्यात लालेहून गावच्या बायका ढोल-खुळखुळे घेऊन दारात नाचायला हजर! मंत्री या घरचा, तेव्हा नाचणाऱ्यांना शुभाच्या कोला-बिया वाटायचा मान आणि भात घालायचा खर्च या घरच्या थोरल्याचा.

"उठा," त्याची बायको बाइंदू म्हणाली. "गाव दारात आलंय. भाऊ मंत्री झाला आणि तुम्ही बाळंतिणीसारखे कण्हताय."

"मला दुखतंय."

"ते दिसतंय. कशानं दुखतंय तेही दिसतंय. आधी कोला वाटा, मग हवं तेवढं दुखू द्या."

वांडी उठला. कोला वाटला, दात दाखवून हसला, म्हाताऱ्यांनी खांद्यावर थोपटलं तेव्हा मान लववली. एक म्हातारी तर गळ्यातच पडली. "वांडी, नशीब काढलंस रे! मंत्र्याचा भाऊ झालास!" पन्नाशीला आलेला, कोकोच्या तीन बागांचा मालक, ज्याच्या शब्दाशिवाय लालेहूनमध्ये साधं भांडण मिटत नव्हतं असा माणूस, आणि आज झाला काय, तर मंत्र्याचा भाऊ! त्या रात्रीचा भात त्याच्या घशाखाली उतरला नाही.

आता ही भाऊबंदकी कुठून आली ते सांगायला हवं. यांचा बाप बोइमा जाबाती, दोन बायकांचा दादला. थोरलीचा वांडी, धाकटीचा सेनेसी, दोघांत चार महिन्यांचं अंतर. पोरं सात-आठ वर्षांची असताना गोऱ्या साहेबानं हुकूम काढला, की प्रत्येक मोठ्या घरानं एक मुलगा शाळेत द्यावा. द्यावा म्हणजे दिलाच म्हणायचा! शाळेत गेलेलं पोर पुन्हा आपलं होतं यावर त्या काळी कुणाचा विश्वास नव्हता. ते पायात बूट घालणार, शेताला नाक मुरडणार, बापाच्या कबरीवर माती टाकायलाही यायचं नाही, असं सगळे म्हणत. मग बोइमानं काय केलं, तर लाडक्या वांडीला शेतावर भाताच्या कणगीमागं लपवलं आणि साहेबापुढं सेनेसीला उभं केलं. गावातल्या सगळ्याच मोठ्या घरांनी तेच केलं. जे पोर गेलं तरी चालेल ते सरकारला दिलं. पुढं तीस-चाळीस वर्षांनी त्या भागातले सगळे साहेब, डॉक्टर, वकील हे नावडत्या बायकांचे मुलगे निघाले, तेव्हा घरोघरच्या थोरल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण तेव्हा कुणाला कळणार?

सेनेसीला न्यायला गाडी आली त्या दिवशी धाकटीनं चूल पेटवली नाही. थोरली मात्र मुद्दाम तिच्या दारासमोर उखळ मांडून भात कांडत बसली. "ज्याच्यावाचून अडत नाही तेच देतात गं," असं शेजारणीला ऐकवत होती.

वांडीला सगळं मिळालं. बागा मिळाल्या, बापाची बंदूक मिळाली, बापाशेजारची खुर्ची मिळाली. तीस वर्षांचा होईपर्यंत त्याला वाटत होतं, की आपण जिंकलो.

मग बोइमा वारला. तो कसा वारला, ते फक्त वांडीला ठाऊक होतं, आणि गोम तिथंच होती. म्हातारा नदीपलीकडच्या शेतावर आजारी पडला. नदीला पूर, पलीकडचं माणूस अलीकडं येईना. बाइंदू माहेरी गेलेली. शेतावरच्या खोपटात तीन दिवस बाप आणि वांडी, दोघंच. आणि त्या तीन दिवसांत म्हाताऱ्याच्या तोंडी एकच नाव. "सेनेसी आला का?" सकाळी तेच, दुपारी तेच. "बघ रे, नदीवर कुणी आहे का? सेनेसी असेल." वांडी म्हणायचा, "बाबा, थोडं पाणी घ्या." म्हातारा पाणी घ्यायचा आणि पुन्हा, "सेनेसी आला का?" ज्याला साहेबापुढं ढकललं त्याचं नाव! ज्याला कणगीमागं लपवलं, त्याचं नाव तीन दिवसांत एकदासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा गेला.

सेनेसी तेव्हा बो शहरात शाळामास्तर होता. पूर ओसरल्यावर, मरणानंतरच्या चौथ्या दिवशीच्या विधीला तो पोचला, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. विधी उरकेपर्यंत थांबला. नंतर वांडीला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माझी आठवण काढली का रे त्यांनी?"

"नाही," वांडी म्हणाला. "तुझं नाव नाही निघालं त्यांच्या तोंडून."

बस. एवढंच वाक्य. सेनेसीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला. त्यानंतर तो लालेहूनला येई, पण एका रात्रीवर मुक्काम करीत नसे. आणि वांडीला ते वाक्य बोलल्याबद्दल त्या वेळी तरी काडीचं वाईट वाटलं नाही. बागा, बंदूक, खुर्ची हे सगळं एकीकडं, आणि 'बाबांचा खरा मुलगा मीच' हे एकीकडं. ते जर सेनेसीला देऊन टाकलं, तर आपल्याकडं उरलं काय?

पुढं सेनेसी चढतच गेला. मास्तराचा शिक्षणाधिकारी झाला, मग खासदार झाला, उपमंत्री झाला. आणि पूर्वेच्या सीमेवरून बंडखोर आत शिरले, युद्ध पेटलं, ज्यांना अक्कल होती ते मंत्री बायकापोरांसकट परदेशी पळाले, तेव्हा अन्न आणि मदतकार्याचं खातं रिकामं पडलं. ते कुणालाच नको होतं. सेनेसीनं घेतलं. बायकापोरांना शेजारच्या देशात, कोनाक्रीला पाठवलं आणि आपण राहिला. त्याच दिवशीचं ते ढोल-खुळखुळ्यांचं नाचणं.

वर्षभरात शिपायांनी सरकार पाडलं आणि सगळे मंत्री तुरुंगात घातले. अहो, काय सांगू, दोन आठवडे वांडीची तब्येत इतकी छान होती! तीन-तीन वेळा भात मागून घेत होता. लोकांसमोर मान हलवायचा, "बिचारा सेनेसी, फार वाईट झालं," आणि घरी येऊन कसाव्याच्या पाल्याचं कालवण भुरके मारून खायचा.

"भाऊ तुरुंगात आणि तुमचे गाल वर आलेत," बाइंदू म्हणाली.

"काळजीनं सूज येते कधी कधी."

"आली तर! तेलकट दिसतेय सूज."

तिसऱ्या आठवड्यात शिपायांनीच सेनेसीला तुरुंगातून काढून पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. कारण कोणत्या पुलावरून किती बोज्याचा ट्रक जातो, कोणत्या गावात किती तोंडं आहेत, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं आणि दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. रेडिओवर पुन्हा नाव आलं. वांडी पुन्हा झोळीत. पुढं मतदान झालं, शिपाई गेले, नवं सरकार आलं, तर त्यांनीही सेनेसीलाच ठेवलं. तीन सरकारं बदलली आणि हा पठ्ठ्या जागचा हलला नाही! तांदळाच्या ट्रकांबरोबर स्वतः जायचा. एकदा वाटेत गोळीबार झाला, खांद्यातून गोळी आरपार गेली, तर खांदा बांधून तसाच पुढं गेला आणि ट्रक पोचवून आला. पेपरात फोटो आला. कुणीतरी तो लालेहूनला आणून कौतुकानं वांडीच्याच ओसरीवर चिकटवला. वांडीनं 'वाऱ्यानं फाटला' म्हणून फाडून टाकला.

लोक त्याच्याकडं गाऱ्हाणी घेऊन येत, पण आता भांडण मिटवायला नाही. "मंत्र्याला एक शब्द टाका ना." जो तो एक शब्द टाका म्हणायचा. वांडी हे नाव गावातून जणू पुसलंच गेलं होतं.

युद्धाच्या पाचव्या वर्षी बंडखोर लालेहूनमध्ये आले. पहाटे गोळ्यांचा आवाज आला आणि गाव जंगलात पळालं. मागं वळून पाहिलं तेव्हा बागांवर धूर होता. नऊ दिवस वांडी आणि बाइंदू रानातून चालले. मग बो शहराजवळची छावणी, ताडपत्रीचं छप्पर आणि जेवायला दलिया. आमच्याकडच्या मेंदे जमातीच्या माणसाला भात मिळाला नाही तर तो जेवलाच नाही असं समजतो, आणि इथं चार महिने गव्हाचा तो परदेशी दलिया! तो वाटणाऱ्या गाडीवर नाव कुणाचं? मंत्री सेनेसी जाबाती यांच्या खात्याचं. वांडी रांगेत थाळी घेऊन उभा राहायचा आणि मनात भावाला शिव्या घालायचा.

त्यानं नाव सांगितलं नव्हतं. मंत्र्याचा भाऊ म्हणून कुणी ओळखू नये, म्हणून छावणीच्या वहीत बायकोच्या माहेरचं आडनाव लिहिलं होतं. सेनेसी त्यांना चार महिने गावोगाव, छावणी-छावणीत शोधत होता, हे नंतर कळलं. शेवटी बाइंदूनंच एका ट्रक ड्रायव्हरला गाठून निरोप धाडला, आणि तिसऱ्या दिवशी जीप आली. जीपमधून मंत्री स्वतः उतरला, रांगेत घुसला आणि सगळ्यांदेखत वांडीला मिठी मारून रडला. वांडीच्या हातातली थाळी मधल्यामध्ये चेपली.

राजधानीत, फ्रीटाउनच्या टेकडीवरच्या सरकारी घरात सेनेसीनं भावाला स्वतःची खोली दिली, स्वतःचा पलंग दिला, आणि आपण बाहेरच्या खोलीत लाकडी बाकावर झोपायला लागला. जेवायला बसल्यावर मासळीचा मोठा तुकडा आधी भावाच्या ताटात टाकायचा. कुणी परदेशी पाहुणा आला तर म्हणायचा, "हे माझे थोरले बंधू. आमच्या घराचे मालक." असा राग यायचा वांडीला! जरा अकडला असता, चार शब्द टाकून बोलला असता, तर जिवाला बरं वाटलं असतं. तेवढंही सुख द्यायला तयार नव्हता हा माणूस.

"भावजींसारखा माणूस मिळायचा नाही," बाइंदू उठता-बसता म्हणायची.

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

"तेव्हा मास्तर होते. तुमच्याकडं बागा होत्या. चुकलं माझं," आणि ती खदाखदा हसायची. वांडीला हसू येत नसे.

मग ती सकाळ आली. सेनेसी चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ येऊन बसला. "दादा, परवा मला जंगलात जायचंय."

पूर्वेकडं बंडखोरांच्या ताब्यातल्या मुलखात माणसं गवत उकडून खात होती. ट्रक आत सोडायला बंडखोर तयार होते, पण एका अटीवर: बोलणी करायला मंत्र्यानं स्वतः यावं, शिपाई न आणता. आधी दोन पाद्री गेले होते ते परत आले नव्हते. मंत्रिमंडळात सगळ्यांनी टेबलाकडं बघितलं आणि सेनेसीनं हात वर केला.

"हेलिकॉप्टर रानात सोडून येणार," सेनेसी म्हणाला. "दादा, जायच्या आधी डोक्यावर पाणी टाक. बाबा नाहीत. तूच टाकायचंस."

वांडीनं हातातला कप खाली ठेवला. जिवावरच्या वाटेला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर घरच्या थोरल्यानं तोंडात पाणी घेऊन फवारायचं, आशीर्वाद द्यायचा, ही घरोघरची रीत. पण त्याआधी त्या थोरल्यानं पोटातलं सगळं किल्मिष मोठ्यानं बोलून मोकळं व्हावं लागतं. काय राग असेल, काय लपवलं असेल, सगळं. एक गोष्ट जरी आत ठेवली तरी ते पाणी उलटतं आणि जाणारा परत येत नाही, हे लालेहूनचं शेंबडं पोरही सांगेल. सेनेसी विलायतेला जाऊन आलेला, तीन सरकारांचा मंत्री, तरी तोही हे मानायचा. वांडी तर मानायचाच.

"मशिदीतल्या इमामाला सांग की," वांडी म्हणाला. "मोठे ज्ञानी आहेत."

"इमाम माझ्या घरचे थोरले आहेत का?"

दोन दिवस वांडीच्या पोटात पुन्हा ती कळ. सांगावं, तर उभ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीवर भावापेक्षा मोठा ठरलो ती त्याच्या पदरात घालायची. एवढं सगळं आहे त्याच्याकडं, आता बाबाही त्यालाच द्यायचे? आणि न सांगावं, तर ते पाणी! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाइंदू कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "तुमच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे."

"काय आहे?"

"झोपेत बोलता तुम्ही. बावीस वर्षं ऐकतेय. 'सेनेसी आला का, सेनेसी आला का.' तुम्ही कशाला हो त्याची वाट बघाल? हे शब्द तुमचे नव्हेत."

वांडी घडी केलेला सदरा उगाच पुन्हा उलगडायला लागला.

"सांगून टाका," बाइंदू म्हणाली. "त्या माणसाला काही झालं, तर मग माझं तोंड बघू नका. मी खरंच सांगतेय."

जायच्या दिवशी सकाळी सेनेसी हातमागाचा गावठी डगला घालून आला. बाहेर ड्रायव्हर गाडी पुसत होता. बाइंदूनं पांढऱ्या वाडग्यात पाणी आणून ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली. सेनेसी भावासमोर गुडघ्यांवर बसला.

"बोल दादा. असेल ते सगळं बोल."

वांडीनं सोप्यापासून सुरुवात केली. "छावणीत आम्हाला चार महिने दलिया घातलास."

"घातला. भात नव्हता दादा, देवाशपथ. मीही तोच खात होतो."

"तुझा कुत्रा डब्यातलं दूध पितो."

"कुत्रा शेजाऱ्यांचा आहे. ते पळून गेलेत."

"दूध तर तुझं ना?"

"माझं. चुकलं."

"तू दिलेले बूट चावतात."

"बरं."

"तुझी आई माझ्या आईला फार टोचून बोलायची."

सेनेसी हसला. "तिच्या वतीनं मी माफी मागतो. तुझी आई माझ्या आईला काय काय म्हणायची तेही मला पाठ आहे, पण आज पाळी तुझी आहे."

"लोक मला मंत्र्याचा भाऊ म्हणतात," वांडी म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. "माझं नाव घ्यायचं सोडलंय लोकांनी. तुझं नाव ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. तू तुरुंगात गेलास तेव्हा मी पोटभर जेवलो."

सेनेसीचं हसू गेलं. "हे सांगितलंस ते बरं केलंस. झालं सगळं?"

वांडीनं दाराकडं बघितलं. बाइंदू त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"झालं," वांडी म्हणाला, आणि वाडगा उचलून घाईघाईनं तोंडात पाणी घेतलं.

"थांब," सेनेसी खाली मान घालूनच म्हणाला. "पाणी टाकायच्या आधी माझ्याही पोटातलं ऐक. पुन्हा भेट होईल न होईल. लोक विचारतात, कशाला जातोस गोळ्या खायला, आणि मी म्हणतो देशासाठी. ते काही खरं नाही. बाबा गेले ना, त्या वर्षी लालेहूनला शाळा मंजूर झाली होती. हेडमास्तरच्या जागेसाठी मी अर्ज लिहिला होता. खिशात घेऊनच आलो होतो, पाठवायच्या आधी बाबांच्या हातात द्यायला. त्यांच्या ओसरीसमोर घर बांधायचं, दोन खोल्यांचं, असं ठरवलं होतं. मग तू म्हणालास, तुझं नाव निघालं नाही. मी म्हटलं, ज्या घरात आपलं नावच नाही तिथं राहून काय करायचं? अर्ज फाडला आणि नदीत टाकला. आणि ठरवलं, की असं नाव करायचं, असं करायचं, की मातीखाली त्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. खासदार झालो, मंत्री झालो. प्रत्येक वेळी रेडिओवर नाव आलं की वाटायचं, आता तरी ऐकू गेलं असेल. आज जातोय तेही त्याचसाठी असेल, कुणास ठाऊक. कुणाला सांगू नकोस. मंत्री माणसाला शोभत नाही."

वांडीचे गाल पाण्यानं फुगलेले होते. त्याला बोलता येत नव्हतं. त्याला दिसत होता तो अर्ज, दोन खोल्यांचं घर, समोरच्या ओसरीवर पोरांच्या पाट्या तपासत बसलेला एक साधा मास्तर, ज्याचं नाव आयुष्यात कधी रेडिओवर आलं नसतं. ज्याचा हेवा करण्यासारखं काही नव्हतं. बावीस वर्षं ज्याच्या नावानं पोट जळत होतं, तो मंत्री त्यानंच केला होता. एका वाक्यात केला होता, चिखलानं भरलेल्या भावाला उत्तर देताना.

त्यानं पाणी गिळलं.

"दादा?"

"मी खोटं बोललो," वांडी म्हणाला.

"काय?"

"नाव निघालं होतं. तुझंच निघालं होतं. तीन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत ते. 'सेनेसी आला का. नदीवर बघ. सेनेसी असेल.' जाईपर्यंत तेच."

सेनेसी उठून उभा राहिला. त्यानं वाडगा उचलला आणि भिंतीवर आपटला. पाणी बाइंदूच्या पायांपर्यंत उडालं, पण ती हलली नाही. बाहेरून ड्रायव्हर डोकावला, तर त्याच्यावर ओरडला, "बाहेर!" तीन सरकारांत कुणी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता.

"बावीस वर्षं!" त्यानं वांडीचा सदरा दोन्ही हातांनी धरला. "बावीस वर्षं, दादा! का? मी तुझं काय खाल्लं होतं?"

"काय खाल्लंस?" वांडीही ओरडला. आता काही धरून ठेवण्यासारखं राहिलंच नव्हतं. "मी तीन दिवस तिथं होतो! मी त्यांचं गू-मूत काढलं, मी पाणी पाजलं, माझा डोळ्याला डोळा नाही! मला एकदा हाक मारायची ना! एकदा 'वांडी' म्हणाले असते तर मी तुला सगळं सांगितलं असतं, तुझ्या पाया पडून सांगितलं असतं! नाही म्हणाले! हात माझ्या हातात, आणि नाव तुझं!"

सेनेसीची पकड ढिली झाली.

"हात तुझ्या हातात होता?"

"मग? सोडतच नव्हते. पाणी आणायलासुद्धा उठू देत नव्हते."

"तीनही दिवस?"

"हो म्हणतोय ना. गेल्यावर बोटं एक एक करून सोडवावी लागली मला."

सेनेसी मटकन खाली बसला, ओल्या फरशीवर, गावठी डगल्यासकट. "मला एकदाच हात लावला होता त्यांनी," तो म्हणाला. "साहेबापुढं ढकलायला. पाठीवर. त्यानंतर कधी लावल्याचं मला आठवत नाही." मग त्यानं भावाकडं बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते वांडीनं लगेच ओळखलं. दुसरं कोण ओळखणार? तो हेवा होता. उघडा, कोवळ्या पोराचा हेवा.

"अरे गाढवा," सेनेसी म्हणाला, "ज्याचा हात धरलाय त्याला कुणी हाक मारतं का?"

वांडी उभ्याचा उभाच राहिला. इतकी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यातच आली नव्हती. तो रडायला लागला, मोठमोठ्यानं, नाक गळेपर्यंत, आणि बाइंदूनं पदरासारखा आपल्या लुंगीचा सोगा पुढं केला तरी त्याला दिसला नाही.

"कोणता?" सेनेसीनं विचारलं.

"काय कोणता?"

"हात. कोणता हात धरला होता?"

वांडीनं उजवा हात पुढं केला. काळा, राठ, कोकोच्या कोयत्यानं घट्टे पडलेला हात. सेनेसीनं तो दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, मग स्वतःच उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि वरून दाबून धरला. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हेलिकॉप्टरची वेळ होत आली होती. वांडीच्या पोटात पुन्हा ती ओळखीची कळ उठली: झालं, आता हा हातही याचाच! क्षणभर त्याला वाटलं, ओढून घ्यावा. त्यानं ओढला नाही. दुसराही हात भावाच्या डोक्यावर ठेवला, आणि सेनेसी आपणहून उठेपर्यंत तो तसाच उभा राहिला.